मुंबई–गोवा अंतर व प्रवासकाल

मुंबई व गोवा यांमधील हवाई अंतर, म्हणजेच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून गोव्यातील दाबोळी विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पृष्ठभागावर मोजलेले किमान अंतर, सुमारे ४२४ किलोमीटर (२२९ सागरी मैल) आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ ने मुंबई ते पणजी हे अंतर ५९० किलोमीटरच्या आसपास भरते, तर कोकण रेल्वेने मुंबई ते मडगाव ते सुमारे ५८० किलोमीटर आहे. विमानाच्या वेळापत्रकात या प्रवासासाठी साधारणतः सव्वा तास दाखविलेला असतो. वंदे भारत एक्स्प्रेस पावसाळा वगळता पावणेआठ तास घेते, इतर गाड्यांना नऊ ते बारा तास लागतात आणि रस्त्याने जाणाऱ्या बसला बारा तासांहून अधिक काळ लागणे ही नित्याची बाब आहे. हे आकडे वरकरणी सोपे दिसतात. परंतु ते कोठून कोठपर्यंत मोजले, कोणत्या ऋतूत मोजले आणि त्यांत घरापासून निघण्याचा वेळ धरला की नाही, यांवर त्यांचा अर्थ अवलंबून असतो.

आरंभबिंदू व अंत्यबिंदू

गोवा हे शहर नसून ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे राज्य आहे. त्यामुळे ‘मुंबई–गोवा अंतर’ असे नुसते म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही. पणजी, मडगाव, वास्को आणि पेडणे ही चार ठिकाणे मुंबईपासून वेगवेगळ्या अंतरांवर आहेत. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. मुंबई ते मोपा हे हवाई अंतर सुमारे ३८८ किलोमीटर आहे, म्हणजे दाबोळीपेक्षा ३६ किलोमीटरने कमी. मात्र मडगावला जाणाऱ्या प्रवाशाला मोप्याहून उत्तर गोवा ओलांडून दक्षिणेकडे जावे लागत असल्याने आकाशात वाचलेला वेळ त्याच्या पदरात पडत नाही. उलट सावंतवाडी, वेंगुर्ला व दोडामार्ग येथील महाराष्ट्रीय प्रवाशांना मोपा सोयीचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी येथील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्याचे मुंबईपासूनचे हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे.

मुंबईच्या बाजूसही हीच अडचण आहे. पूर्वी मुंबईतून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवरील मैलांचे दगड फोर्टमधील सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले असत. आज कोणी शीवपासून मोजतो, कोणी पनवेलपासून. राष्ट्रीय महामार्ग ६६ तर मुंबईत सुरूच होत नाही. त्याचा आरंभ पनवेलला व शेवट कन्याकुमारीला आहे. विमानतळही आता दोन झाले आहेत. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तेथून मोप्याचे हवाई अंतर सुमारे ३७२ किलोमीटर आहे.

हवाई अंतराची गणना

पृथ्वी गोलाकार असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील किमान अंतर सरळ रेषेने नव्हे, तर बृहद्‌वृत्ताच्या कंसाने मिळते. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. मुंबई–लंडन यांसारख्या दूरच्या प्रवासात हा कंस सपाट नकाशावर ठळकपणे वाकलेला दिसतो. मुंबई–गोव्यासारख्या जवळच्या ठिकाणांत मात्र कंस व सरळ रेषा यांतील फरक व्यवहारात दुर्लक्षणीय असतो. म्हणूनच हे अंतर शालेय भूमितीनेही काढता येते, आणि विद्यार्थ्यांनी ते एकदा कागदावर काढून पाहण्याजोगे आहे.

अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. सागरी व हवाई वाहतुकीत हे एकक टिकून राहिले ते याच सोयीमुळे. मुंबई विमानतळ उत्तर अक्षांश १९° ०५′ व पूर्व रेखांश ७२° ५२′ वर आहे, तर दाबोळी १५° २३′ व ७३° ५०′ वर. अक्षांशांतील फरक ३° ४२′, म्हणजे २२२ मिनिटे. म्हणून दक्षिणोत्तर अंतर २२२ सागरी मैल. रेखांशांतील फरक ५८ मिनिटांचा आहे, परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे एकत्र येत जात असल्यामुळे या फरकास मधल्या अक्षांशाच्या (सुमारे १७°) कोज्येने, म्हणजे ०.९५६ ने, गुणावे लागते. उत्तर सुमारे ५५.४ सागरी मैल येते. या दोन भुजांचा कर्ण पायथागोरसच्या सिद्धान्ताने काढल्यास सुमारे २२९ सागरी मैल, म्हणजेच ४२४ किलोमीटर, मिळतात. दाबोळी मुंबईच्या थेट दक्षिणेस नसून दक्षिण दिशेपासून सुमारे १४ अंश पूर्वेकडे कललेले आहे, हेही त्याच त्रिकोणावरून समजते.

ही काल्पनिक रेषा नकाशावर आखली असता ती बहुतांशी जमिनीवरूनच जाते. मुंबई बंदर ओलांडल्यावर ती अलिबाग व पेण यांच्या मधून रायगड जिल्ह्यात शिरते, रोह्याच्या काहीशी पश्चिमेकडून व पुढे रत्नागिरी शहराच्या थोडी पूर्वेकडून जाते आणि वेंगुर्ला व सावंतवाडी यांच्या मधून गोव्यात उतरते. प्रत्यक्ष विमाने हवाई नियंत्रकांनी ठरवून दिलेल्या मार्गाने जात असल्याने ती या रेषेवरून तंतोतंत उडतात असे नाही.

उड्डाणाचा वेळ

ताशी ८३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानाने ४२४ किलोमीटर ३१ मिनिटांत कापावयास हवेत. वेळापत्रकात सव्वा तास असतो. उरलेल्या वेळाचे स्पष्टीकरण असे: वेळापत्रकातील काळ हा विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटावर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा फलाट गाठणे हे सर्व त्यात येते. शिवाय पूर्ण वेग केवळ उंचावरील विरळ हवेत शक्य असतो. १०,००० फुटांखाली विमानांना सामान्यतः २५० नॉटची मर्यादा पाळावी लागते. इतक्या कमी अंतरात विमान आपली उंची गाठते न गाठते तोच उतरणीस लागते, त्यामुळे पूर्ण वेगाचा लाभ थोडीच मिनिटे मिळतो.

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात व त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. त्यामुळे येथे उतरणाऱ्या विमानांना गर्दीच्या वेळी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. गोव्याहून मुंबईस येणारा प्रवासी अलिबागच्या आसपास अर्धा तास तेच डोंगर व तीच खाडी पुन्हा पुन्हा पाहतो, हा अनुभव पुष्कळांचा आहे. दाबोळी हा मूलतः नौदलाचा तळ (आयएनएस हंसा) आहे. तेथे सकाळच्या काही तासांत नौदलाच्या सरावासाठी नागरी वाहतुकीवर दीर्घकाळ मर्यादा राहिल्या. मोप्याच्या विमानतळाची मागणी पुढे येण्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

इतिहास

या दोन ठिकाणांमधील हवाई संबंध बराच जुना आहे. टाटा कंपनीने १९३५ मध्ये मुंबई–त्रिवेंद्रम हवाई सेवा सुरू केली, तिच्या वाटेवर गोवा हा एक थांबा होता. सामान्य माणूस मात्र बोटीनेच जाई. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली किनारी बोट कोकणची बंदरे घेत घेत दुसऱ्या दिवशी पणजीला लागे. रस्ते नसलेल्या कोकणात हीच खरी वाहतूक होती, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही बंद पडे. या प्रवासाची दुसरी बाजू १७ जुलै १९४७ रोजी दिसली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट वादळात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी दगावले. मुंबई–रेवस हे अंतर बोटीने जेमतेम दीड तासाचे. रायगड जिल्ह्यातील, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, अनेक गावांत या घटनेची स्मृती अजून टिकून आहे.

लोहमार्गाने जावयाचे तर घाट चढून पुण्यास, तेथून मिरज, लोंढा व कॅसलरॉक करीत पुन्हा घाट उतरून मुरगावला जावे लागे. मुरगाव बंदराला जोडणारा हा लोहमार्ग १८८८ मध्ये खुला झाला होता. मीटर व रुंद मापाचे रूळ एकमेकांशी जुळत नसल्याने वाटेत गाडी बदलावी लागे.

१९५० च्या दशकात अंतर तेच राहिले आणि प्रवास मात्र अशक्यप्राय झाला. पोर्तुगिजांनी गोवा सोडण्यास नकार दिल्यावर भारताने आर्थिक नाकेबंदी केली. १९५५ मध्ये सीमेवरील रेल्वे वाहतूक थांबली. मुंबईत नोकरीस असलेल्या हजारो गोमंतकीयांचे स्वतःच्या गावी जाणे दुरापास्त झाले. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज सरकारने बांधली ती याच काळात, आणि तेथून त्यांची विमाने मुंबईस नव्हे तर दमण, दीव व कराचीकडे जात. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. काही शे किलोमीटरची वाट राजकारणाने कशी अनंत होऊ शकते याचे याहून जवळचे उदाहरण मराठी वाचकास मिळणार नाही.

बोटीची नियमित प्रवासी सेवा पुढे बंद पडली. १९९० च्या दशकात वेगवान कॅटामरान सेवेचा व ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ या पर्यटन नौकेचा प्रयोग झाला, परंतु त्यांपैकी कोणत्याही सेवेने जुन्या किनारी बोटीची जागा घेतली नाही.

महामार्ग

मुंबई–गोवा महामार्ग, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, पनवेलहून निघून कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, महाड, पोलादपूर असा जातो आणि कशेडी घाट चढून रत्नागिरी जिल्ह्यात शिरतो. हवाई अंतराशी तुलना करता रस्त्याचे अंतर जवळजवळ ४० टक्क्यांनी अधिक आहे. सह्याद्रीतून पश्चिमेकडे उतरणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्या आणि त्यांच्यामधील डोंगरधारा रस्त्यास आडव्या येतात. प्रत्येक धार चढावी व प्रत्येक नदी ओलांडावी लागते. किनाऱ्यालगतच्या खाड्यांमुळे रस्ता समुद्राजवळूनही नेता आला नाही. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग अनेक दशके चर्चेत आहे, पण खाड्यांवरील मोठे पूल पूर्ण झाल्याविना तो सलग होणार नाही.

पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले व ते एका दशकाहूनही अधिक काळ रखडले. महामार्गावरील सर्वांत सपाट व मुंबईस सर्वांत जवळचा हाच टप्पा प्रवाशांना सर्वाधिक वेळ खर्च करावयास लावतो, ही विसंगती नमूद करण्याजोगी आहे. गणेशोत्सवापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत वडखळ ते माणगाव एवढ्यासाठी चाकरमान्यांना पाच-सहा तास अडकून पडावे लागल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. त्या दिवसांत अवजड वाहनांना बंदी घातली जाते व खड्डे घाईघाईने बुजविले जातात. पहिल्या जोराच्या सरीनंतर ते पुन्हा उघडे पडतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. मुंबईकडे येणाऱ्या दोन एसटी बस व अन्य वाहने वाहून गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये, म्हणजे वर्षभराच्या आत, वाहतुकीस खुला झाला. त्याच रस्त्याच्या इतर कामांचा वेग पाहता ही गोष्ट लक्षणीय ठरते. अलीकडे कशेडी घाटाखालून काढलेल्या बोगद्याने त्या भागातील वेळ कमी झाला आहे. मुंबईतून बाहेर पडण्यासाठी १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू (२१.८ किलोमीटर) उपलब्ध आहे. त्यामुळे दक्षिण मुंबईहून पेणकडे जाणाऱ्यास वाशी–पनवेलचा वळसा टाळता येतो.

कोकण रेल्वे

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. मधु दंडवते व जॉर्ज फर्नांडिस यांचा राजकीय पाठपुरावा आणि ई. श्रीधरन यांचे अभियांत्रिकी नेतृत्व यांतून रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग उभा राहिला व २६ जानेवारी १९९८ रोजी तो संपूर्णपणे खुला झाला. त्यावर ९२ बोगदे असून रत्नागिरीजवळील करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. पनवेल–आपटा–जिते–हमरापूर–पेण–नागोठणे–रोहा हा भाग मध्य रेल्वेचा. रोहे स्थानकापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. मुंबई–मडगाव वंदे भारत एक्स्प्रेस २७ जून २०२३ पासून धावते.

या मार्गाचे वैशिष्ट्य असे की त्याचे वेळापत्रक ऋतूनुसार बदलते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पाठोपाठ १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. दोन्ही अपघात पावसाळ्याच्या तोंडावरचे. तेव्हापासून डोंगर कापून केलेल्या भागांत जाळ्या, संरक्षक भिंती व गस्त वाढविण्यात आली, आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग मर्यादित ठेवण्यात येऊ लागला. मुसळधार पावसामुळे समोरचे नीट दिसेनासे झाल्यास ताशी ४० किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आखडण्यात आले. या काळात वंदे भारतला पावणेआठऐवजी सुमारे दहा तास लागतात व तिच्या आठवड्यातील फेऱ्याही कमी होतात. येथे उशीर ही गैरसोय नसून सुरक्षिततेसाठी जाणीवपूर्वक मोजलेली किंमत आहे. उशिराबद्दल तक्रार करणाऱ्यांनी आधीचे दोन अपघात लक्षात घेणे आवश्यक आहे.

रोहे तालुक्यातील कोलाड हे मालमोटारी रेल्वेवर चढवून नेणाऱ्या ‘रो-रो’ सेवेचे ठिकाण आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवरून गोव्यातील वेर्णा येथे व पुढे नेले जातात. २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा अशी मोटारगाड्यांसाठीही सेवा देण्यात आली.

दारापासून दारापर्यंत: पेण परिसराचे उदाहरण

हवाई अंतर व प्रवासकाल यांतील तफावत मोठ्या शहराबाहेरील गावातून पाहिली असता अधिक स्पष्ट होते. पेण तालुक्यातील हमरापूर विभागातील जोहे हे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव घ्यावे. जोह्याहून मडगाव सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आहे. तेथील प्रवाशाला मुंबईचे जुने विमानतळ गाठण्यासाठी प्रथम उत्तरेकडे, म्हणजे गोव्याच्या नेमके उलट दिशेस, सुमारे दोन तास जावे लागते. उड्डाणापूर्वी दोन तास पोहोचणे, सव्वा तासाचे उड्डाण, सामान घेऊन बाहेर पडणे व दाबोळीहून मडगावपर्यंतचा रस्ता यांसाठी आणखी सव्वा तास, असे धरल्यास एकूण काळ साडेसहा तासांवर जातो. त्यात प्रत्यक्ष विमानातील भाग एक-पंचमांशाहूनही कमी. सरासरी वेग ताशी ६० किलोमीटरच्या थोडासा वर राहतो.

त्याच प्रवाशाने पहाटे पनवेल गाठून वंदे भारत पकडली, तर पनवेल–मडगाव पावणेसात तासांच्या आत होते. घरापासूनचा व थांबण्याचा वेळ मिळविला तरी सव्वाआठ तास पुरतात. विमानाने वाचतात ते पावणेदोन तास. पावसाळ्यात हा फरक चार तासांपर्यंत वाढतो. नवी मुंबई विमानतळावरून उड्डाण मिळाल्यास विमानाचा एकूण काळ सव्वापाच ते साडेपाच तासांवर येऊ शकतो, कारण उलट दिशेचा प्रवास बव्हंशी टळतो. पेण स्थानकावर लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या थांबत नाहीत. दिवा–सावंतवाडी गाडी तेथे थांबते, पण ती संथ आहे. रूळ दारावरून गेलेले असताना गाडीसाठी पनवेलला जावे लागणे ही या भागातील जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

जोहे व आसपासच्या गावांतून निघणाऱ्या मूर्तींचा प्रवास याहून निराळा हिशेब सांगतो. देशाबाहेर जाणाऱ्या मूर्ती गणेशोत्सवाच्या काही महिने आधीच पेट्यांत बांधून जहाजाने रवाना होतात. त्यांच्या बाबतीत वेगाला महत्त्व नसून धक्का न लागण्याला असते. मुंबई, ठाणे व कोकणात जाणाऱ्या मूर्ती टेम्पो व ट्रकमधून महामार्गानेच जातात. त्यामुळे पनवेल–इंदापूर टप्प्यावरील खड्ड्यांचा प्रश्न येथील कारखानदारांसाठी प्रवासकालाइतकाच तुटलेल्या हातांचा व सोंडांचाही असतो. तयार मूर्ती बाहेर पडण्याचा काळ आणि पावसाने रस्ता उखडण्याचा काळ दरवर्षी एकच येतो.